आधी ओळख, मग औषध

आठवडी बाजाराच्या एका कडेला पोते अंथरून जडीबुटीवाला बसलेला असतो. पुढ्यात वाळलेल्या साली, मुळ्या, बिया, डिंक यांचे ढीग असतात. घरात कोणाला हगवण लागलेली असते म्हणून तुम्ही कुड्याची साल मागता. तो एका ढिगातून चार तुकडे उचलतो, कागदात बांधतो आणि पैसे घेतो. आता सांगा, ती साल कुड्याचीच होती हे तुम्ही कशावरून ओळखले? आणि कुड्याची असली, तरी पांढऱ्या कुड्याची की काळ्या कुड्याची? साल झाडापासून सुटली की तिला पान नसते, फूल नसते, शेंग नसते. राहतो तो विकणाऱ्याचा शब्द.

सुमारे दीडशे वर्षांपूर्वी एका मराठी डॉक्टराला हाच प्रश्न पडला होता आणि त्याने तो धसास लावायचे मनावर घेतले. या डॉक्टराचे नाव सखाराम अर्जुन राऊत. मुंबईत ते 'डॉ. सखाराम अर्जुन' याच नावाने ओळखले जात. त्यांचे नाव आज फारसे कोणाच्या तोंडी नाही. त्यांच्या मुलीचे नाव मात्र तुमच्यापैकी काहींनी ऐकले असेल. तिची गोष्ट पुढे येईलच.

सखाराम अर्जुन यांचा जन्म १८३९ सालचा. जात सुताराची. मुंबईत १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले होते आणि त्याला लागूनच सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून उभे राहिलेले मोठे इस्पितळ होते. आज आपण ज्याला जे. जे. म्हणतो तेच हे. याच कॉलेजात शिकून सखाराम अर्जुन डॉक्टर झाले आणि पुढे तिथेच शिकवू लागले. त्यांनी शिकवलेल्या विषयांत एक विषय होता वनस्पतिशास्त्र.

डॉक्टराचा आणि झाडांच्या अभ्यासाचा काय संबंध, असे आज वाटेल. आज औषध गोळीच्या पाकिटात येते, वर नाव छापलेले असते. त्या काळी डॉक्टराच्या कपाटातील बहुतेक औषधे झाडांचीच होती. तापाचे क्विनाईन सिंकोना झाडाच्या सालीतून येई, दुखणे थांबवणारी अफू खसखशीच्या बोंडातून येई, रेचक एरंडाच्या बीपासून निघे. ज्याला झाड ओळखता येत नाही त्याला औषधही ओळखता येत नाही, असा तो काळ होता. म्हणून जगभर डॉक्टर आणि वनस्पतिशास्त्रज्ञ ही दोन्ही कामे पुष्कळदा एकच माणूस करी. आपल्या शेजारच्या गोव्यात गार्सिया द ओर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य राहत असे. त्याने इथल्या वैद्यांना, हकिमांना, व्यापाऱ्यांना विचारून हिंदुस्थानच्या औषधी द्रव्यांवर पुस्तक लिहिले आणि ते १५६३ साली गोव्यातच छापले. तिकडे अमेरिकेत, ते राष्ट्र नवे असताना, बोस्टनचे डॉ. जेकब बिगेलो यांनी तिथल्या औषधी झाडांवर चित्रांसह तीन भागांचा ग्रंथ १८१७ ते १८२० या काळात काढला. परदेशातून आलेल्या महाग औषधांवर किती दिवस अवलंबून राहायचे, आपल्या रानात काय आहे ते आधी पाहू, असा विचार तेव्हा अनेक देशांतले डॉक्टर करीत होते. आपल्याकडे १८६८ साली सरकारने हिंदुस्थानासाठी औषधांचा अधिकृत ग्रंथ काढला, त्यात देशी झाडांना जागा मिळाली.

पण ग्रंथात नाव आले म्हणजे काम झाले असे नाही. खरी अडचण बाजारात होती.

कुड्याचेच पाहा. पांढऱ्या कुड्याची साल आवेवर आणि हगवणीवर आपल्याकडे फार जुन्या काळापासून देतात. तिची कीर्ती युरोपपर्यंत गेली आणि तिकडून मागणी आली. पण इकडून पाठवताना तिच्यात काळ्या कुड्याची साल मिसळली गेली. काळा कुडा हे वेगळेच झाड. पांढऱ्याचा कडूपणा आणि गुण त्याच्यात नाही. रोग्यांना गुण येईना, तेव्हा तिकडच्या डॉक्टरांनी कुडाच निरुपयोगी ठरवला. दोष झाडाचा नव्हता. ओळखीत चूक झाली आणि एक चांगले औषध बदनाम झाले.

ही झाली गुण न येण्याची गोष्ट. दुसरी गोष्ट जिवावर बेतणारी आहे. आपल्या रानात रोहण आहे. त्याची तांबूस, कडू साल तापावर देत. कलकत्त्याच्या बाजारात रोहणाची साल म्हणून चक्क कुचल्याची साल विकली जात असल्याचे डॉ. ओशॉनेसी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दाखवून दिले. कोकणात ज्याला काजरा म्हणतात तोच हा कुचला. त्यातले विष अंगात भिनले की झटके येऊन माणूस मरतो. दोन्ही साली कडू, दोन्ही वाळलेल्या, दोन्ही एकाच बाजारात. घेणाऱ्याने ताप उतरवायला घेतली आणि घरी नेले ते मरण.

डॉ. सखाराम अर्जुन यांनी हात घातला तो या गोंधळाला. १८७९ साली त्यांनी 'मुंबईच्या औषधी द्रव्यांची सूची' इंग्रजीतून छापली. बाजारात वाळलेल्या रूपात मिळणारी द्रव्ये तीत होतीच, शिवाय मुंबईकडे ताज्या स्थितीत, म्हणजे पाला ठेचून, रस काढून वापरल्या जाणाऱ्या औषधी वनस्पतींची वेगळी यादीही जोडली होती. ही दुसरी यादी महत्त्वाची. दुकानातील मालाची यादी कोणी व्यापारीही करू शकेल. पण वाडीतल्या, कुंपणावरच्या, ओढ्याकाठच्या ज्या पाल्याचा उपयोग आयाबाया घरच्या घरी करतात, तो दुकानात कधी येतच नाही. त्याची नोंद कोण करणार? ती करायला इथल्या घरात वाढलेला, इथली भाषा बोलणारा आणि वनस्पतिशास्त्र शिकलेला माणूस हवा होता. सखाराम अर्जुन यांच्यात या तिन्ही गोष्टी होत्या.

अशी सूची दिसायला अगदी कोरडी असते. एका बाजूला बाजारी नाव, दुसऱ्या बाजूला शास्त्रीय नाव. पण या दोन नावांची गाठ घालून देणे हेच मोठे काम आहे. का, ते आपल्या जिल्ह्यातल्या झाडांवरून पाहू.

गोंदिया जिल्ह्यात मराठी आहे, हिंदी आहे, पोवारी आहे, छत्तीसगढी आहे, गोंडी आहे. एकाच झाडाला कोणी ऐन म्हणतो, कोणी येन, कोणी साजा. ज्याच्या पानाच्या विड्या वळतात त्याला आपण तेंदू म्हणतो, पश्चिमेकडे त्यालाच टेंभुर्णी म्हणतात. इतपत ठीक आहे, एका झाडाला दहा नावे असली तर फार तर बोलणे समजत नाही. घोटाळा होतो तो एका नावाची दोन झाडे असली म्हणजे. 'ब्राह्मी' घ्या. बांधीच्या कडेला, पाणथळीत जाड बारीक पानांची एक वेल पसरते, तिला ब्राह्मी म्हणतात. आणि नाण्यासारख्या गोल पानांची जी मंडूकपर्णी, तिलाही कित्येक ठिकाणी ब्राह्मीच म्हणतात. दोन्ही औषधी, पण वेगवेगळ्या. 'धोत्रा' घ्या. पांढऱ्या फुलांचा आणि काटेरी फळांचा धोत्रा एक, आणि पडीक जमिनीत उगवणारा, अमेरिकेकडून आलेला पिवळा धोत्रा दुसरा. नावापुरतेच भाऊ, नाते काही नाही. विषारी मात्र दोघेही.

यावर तोड काढली ती स्वीडन देशातील लिनियस या माणसाने. तोही मुळात डॉक्टरच. प्रत्येक झाडाला दोन शब्दांचे एक नाव द्यायचे आणि ते जगभर तेच ठेवायचे, ही पद्धत त्याने १७५३ साली वनस्पतींसाठी रूढ केली. आपल्याकडे माणसाला आडनाव असते आणि स्वतःचे नाव असते, तसेच हे. हिरडा म्हणजे टर्मिनालिया चेबुला, बेहडा म्हणजे टर्मिनालिया बेलेरिका, अर्जुन म्हणजे टर्मिनालिया अर्जुना. ऐनाचेही आडनाव टर्मिनालियाच. नाव ऐकताच कळते की ही सगळी एका घरची झाडे आहेत. कुड्याचे मात्र उलट आहे. आपण दोघांनाही कुडा म्हणतो, पण शास्त्रीय नावात पांढरा कुडा होलार्‍हेना घरचा आणि काळा कुडा रायटिया घरचा. नावच सांगते की हे सख्खे भाऊ नव्हेत.

रानात हे दोन कुडे ओळखायची एक सोपी खूण आहे. दोघांच्याही लांब शेंगा जोडीने येतात. काळ्या कुड्याच्या जोडीतल्या शेंगांची टोके एकमेकांना चिकटलेली असतात, पांढऱ्याच्या शेंगा सुट्या लोंबतात. म्हणून शेंग पाहूनच साल काढावी, असे जाणती माणसे सांगतात. साल एकदा पोत्यात गेली की ही खूण संपली.

सखाराम अर्जुन यांच्या सूचीचा पुढे चांगला उपयोग झाला. मुंबई सरकारच्या औषधी भांडाराचे प्रमुख डॉ. विल्यम डायमॉक यांनी पश्चिम हिंदुस्थानच्या औषधी वनस्पतींवर मोठा ग्रंथ लिहिला, त्यात सखाराम अर्जुन यांचा हवाला जागोजाग आहे. त्यानंतर १८८९ पासून जॉर्ज वॉट यांनी हिंदुस्थानातल्या उपयोगी वस्तूंचा जो प्रचंड कोश काढला, त्यातही त्यांचे नाव येते. वनस्पतींवर काम करणारे आजही हे ग्रंथ उघडून पाहतात. एका सुतार घरातल्या मराठी डॉक्टराने केलेली नोंद अशी पुढच्यांच्या पायाखालचा दगड झाली.

इंग्रजीत लिहिले म्हणून ते मराठीला विसरले नाहीत. कॉलेजात इंग्रजी न येणाऱ्या मुलांसाठी देशी भाषेतून वैद्यक शिकवण्याचे वर्ग होते, त्यांत त्यांनी शिकवले. वैद्यकशास्त्रावर त्यांनी मराठीतून पुस्तके लिहिली. गर्भ आणि बाळंतपण या विषयावरही लिहिले. ज्या विषयाबद्दल घरात पुरुष तोंड उघडत नसत आणि बायका कुजबुजत असत, तो विषय त्यांनी उघडपणे मराठीत मांडला. बाळंतपणात बाई दगावली की 'तिचे नशीब' म्हणून मोकळे होण्याचे ते दिवस होते. कारण काय घडले ते पाहावे आणि लिहून ठेवावे, ही त्यांची सवय झाडांपुरती नव्हती.

आता त्यांच्या आणखी एका कामाकडे येऊ, कारण त्याचा धागा आपल्या जिल्ह्यापर्यंत येतो. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जण जमले आणि त्यांनी एक मंडळी स्थापन केली. प्राणी, पक्षी, झाडे, किडे यांच्याविषयी जो जे पाहील ते त्याने इतरांना सांगावे, नमुने आणून दाखवावेत, एवढाच हेतू. हीच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. आठांपैकी सहा साहेब होते आणि दोनच हिंदी. एक प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग, दुसरे डॉ. सखाराम अर्जुन. सुरुवातीच्या बैठका भायखळ्याच्या संग्रहालयात भरत. ही संस्था आजही चालू आहे. पक्ष्यांचे मोठे अभ्यासक डॉ. सालिम अली यांचे आयुष्यभराचे काम याच संस्थेशी बांधलेले होते, आणि आपल्या नवेगावबांधच्या पक्षी अभयारण्याला त्यांचेच नाव दिलेले आहे. थंडीत नवेगावच्या तलावावर परदेशी बदके उतरतात आणि मुले ती मोजायला जातात, तेव्हा पाहून लिहून ठेवण्याची जी रीत ती पाळतात, तिच्या मुळाशी उभ्या राहिलेल्या माणसांत हा मराठी डॉक्टरही होता.

एवढे सांगून थांबलो तर या माणसाचे निम्मेच चित्र उभे राहील. बाहेर विद्वान म्हणून नाव आणि घरात आल्यावर मात्र जुनीच वहिवाट, अशी माणसे तेव्हाही होती, आताही आहेत. सखाराम अर्जुन यांची खरी परीक्षा घरात झाली.

त्यांनी जयंतीबाई नावाच्या तरुण विधवेशी लग्न केले. सुतारांत पुनर्विवाहाची चाल होती. जयंतीबाईंना पहिल्या नवऱ्यापासून एक मुलगी होती, रखमाबाई. तिचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा. अकराव्या वर्षी तिचेही लग्न लावण्यात आले. सुधारकाचे घर असूनही हे टळले नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. मुलगा दादाजी भिकाजी हा सखाराम अर्जुन यांच्याच नात्यातला. त्याने सासरी राहून शिकावे असे ठरले होते. तो काही शिकला नाही. पुढे रखमा वयात आली, तेव्हा रीतीप्रमाणे तिला नवऱ्याच्या स्वाधीन करायची वेळ आली. सखाराम अर्जुन यांनी ते होऊ दिले नाही. कोवळ्या अंगाच्या मुलीवर बाळंतपण लादले तर काय होते, हे डॉक्टर म्हणून त्यांना ठाऊक होते. पुस्तकात जे लिहिले ते त्यांनी स्वतःच्या घरात पाळले. मुलगी सख्खी नव्हती, आणि जावई मात्र रक्ताच्या नात्यातला होता, हेही लक्षात घ्या.

रखमाबाई माहेरीच राहिल्या आणि मिशनच्या ग्रंथालयातली पुस्तके आणून घरी वाचू लागल्या. १८८४ साली दादाजीने बायको मिळावी म्हणून कोर्टात दावा लावला. लग्न झाले तेव्हा आपण अजाण होतो, त्या लग्नाला आपली संमती नव्हती, म्हणून नांदायला जाणार नाही, अशी रखमाबाईंची भूमिका. असे बोलणारी बाई मुंबईने तोवर पाहिली नव्हती.

हा दावा चालू असतानाच १६ एप्रिल १८८५ रोजी डॉ. सखाराम अर्जुन वारले. वय जेमतेम शेहेचाळीस. ज्याच्या आधारावर मुलगी उभी होती तो आधारच गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल दिला, तो रखमाबाईंच्या बाजूचा होता. पण तो वरच्या कोर्टात टिकला नाही. ४ मार्च १८८७ रोजी हुकूम झाला, नवऱ्याकडे नांदायला जा, नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई म्हणाल्या, तुरुंग पत्करला. टिळकांची पत्रे त्यांच्याविरुद्ध लिहीत होती, सुधारक मंडळी बाजूने लिहीत होती. शेवटी १८८८ साली दोन हजार रुपयांवर तडजोड झाली आणि त्या सुटल्या. लगेच १८८९ साली त्या डॉक्टरकी शिकायला लंडनला गेल्या, १८९४ साली डॉक्टर झाल्या आणि परत येऊन सुरतेस व पुढे राजकोटला बायकांच्या इस्पितळांत वर्षानुवर्षे काम केले. १९५५ साली त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या खटल्यावरून उठलेल्या वादळाचा परिणाम म्हणून १८९१ चा संमतिवयाचा कायदा व्हायला मदत झाली. मुलीच्या संमतीची किमान वयोमर्यादा त्याने दहावरून बारा केली. आज कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय अठरा आहे. तरीही ते पाळले जाते की नाही हे तुमच्या गावात तुम्हालाच ठाऊक.

वाचकहो, ही झाली जुनी कथा. आता तिचा आपल्याशी काय संबंध ते पाहू.

झाडांची ओळख चुकणे हा काही जुन्या काळचाच रोग नाही. १९९८ साली दिल्लीकडे मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले. या बिया मोहरीसारख्याच दिसतात. हातपाय सुजून हजारो लोक आजारी पडले आणि साठांहून अधिक माणसे दगावली. अगदी अलीकडची गोष्ट घ्या. करोनाच्या साथीत घरोघर गुळवेलीचा काढा सुरू झाला. २०२१ साली मुंबईतल्या डॉक्टरांनी, गुळवेल घेणाऱ्या सहा रोग्यांच्या यकृताला इजा झाल्याचे प्रसिद्ध केले. आयुष मंत्रालयाचे म्हणणे पडले की गुळवेल सुरक्षित आहे, पण तिच्यासारखी दिसणारी तिच्याच घराण्यातली दुसरी वेल अपायकारक असू शकते, लोकांनी तीच तर घेतली नाही ना हे पाहायला हवे. म्हणजे पुन्हा तोच प्रश्न, वेल कोणती? पुढे २०२२ साली अनेक इस्पितळांच्या एकत्रित पाहणीत खऱ्या गुळवेलीनेही काही जणांना त्रास झाल्याचे दिसले. यावरून एवढे घ्यावे की झाड बरोबर ओळखणे ही पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे. किती घ्यायचे, किती दिवस घ्यायचे, कोणी घेऊ नये, हे प्रश्न त्यानंतर उरतातच.

म्हणून घरोघर पाळण्यासारख्या काही गोष्टी सांगतो.

ज्या झाडाचे पान, फूल किंवा फळ तुम्ही स्वतः पाहिलेले नाही, त्याची साल किंवा मुळी पोटात घेऊ नका. कोणी सांगितलेल्या पाल्याचे नाव ऐकून घेऊ नका, सांगणाऱ्याला झाडापाशी घेऊन जा. सांदवाडीतली तुळस, अडुळसा, ओवा यांची तुम्हाला पक्की ओळख आहे, तेवढी ओळख दुसऱ्या झाडाशी होईपर्यंत थांबा. गरोदर बाईला, अंगावर पाजणारीला आणि तान्ह्या मुलाला डॉक्टराला विचारल्यावाचून झाडपाला देऊ नका. आणि साप चावला तर झाडपाल्यात एक क्षणही घालवू नका. धानाच्या बांधीत काम करणाऱ्याला मण्यार चावली तर सूजही दिसत नाही, दुखतही नाही, आणि विष भिनत राहते. त्यावर इलाज एकच, लस. सरकारी दवाखान्याचा रस्ता धरा. झाडपाल्याचा खरा जाणकार हेच सांगेल, कारण कोणत्या कामाला झाड चालत नाही हे ठाऊक असणे हाही जाणतेपणाच आहे.

दुसरी गोष्ट लिहून ठेवण्याची. तुमच्या गावात एखादा म्हातारा पुजारी असेल, गुरांचे औषध जाणणारा गुराखी असेल, बाळंतिणीचा पाला ओळखणारी सुईण असेल. त्यांच्याजवळचे ज्ञान कागदावर नाही. ते माणूस गेले की सगळे गेले. जैवविविधता कायदा २००२ साली झाला. त्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायची आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही करायची. गावात कोणती झाडे आहेत, त्यांना इथे काय म्हणतात, कशाला वापरतात, कोणाला त्याची माहिती आहे, हे सगळे त्या वहीत यायला हवे. सखाराम अर्जुन यांनी मुंबईपुरते जे केले, तेच कायद्याने आता गावोगाव करायचे आहे. तुमच्या पंचायतीत जाऊन ती वही पाहायला मागा. वही चांगली भरलेली असेल तर भरणाऱ्याचे कौतुक करा. नुसती कोरी पाने असतील किंवा दुसऱ्या गावची यादी उतरवलेली असेल, तर ग्रामसभेत विचारा. या वहीचा आणखी एक उपयोग आहे. बाहेरचा व्यापारी तुमच्या रानातल्या औषधी मालावर पैसा कमावू लागला, तर गावाचा वाटा मागताना हाती पुरावा लागतो.

मुलांना या कामाला लावायचे तर एक सोपा धडा आहे. फूल आलेली छोटी डहाळी पानांसकट कापावी. जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत नीट पसरून ठेवावी, वर फळी आणि फळीवर दगड ठेवावा. पहिले आठ दिवस कागद रोज बदलावा, नाही तर बुरशी येते, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर हमखास येते. वाळली की कोऱ्या कागदावर चिकटवावी. खाली लिहावे, कोणत्या गावी, कोणत्या तारखेला, कोणाच्या शेताच्या धुऱ्यावर मिळाली, आणि गावात तिला काय काय म्हणतात. मराठी नाव एक, पोवारी नाव एक, गोंडी नाव एक, जेवढी मिळतील तेवढी. शास्त्रीय नाव नाही कळले तर जागा मोकळी ठेवावी. तालुक्याच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे शिक्षक असतात, त्यांना तो कागद दाखवला की तेवढी जागा ते भरून देतील. जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत झाडांचे नमुने याच रीतीने ठेवलेले असतात.

हे काम मुलग्यांनाच सांगू नका. रानात मोहफूल वेचायला, चारोळी काढायला, भाजीपाला खुडायला बहुतेक घरांतून जातात त्या बायका आणि मुली. पाला ओळखणारी नजर त्यांची जास्त तयार असते. त्या नजरेला वही आणि पेन्सिल मिळाली, पुढे शाळा आणि कॉलेज मिळाले, तर ती कुठवर जाईल याचा अंदाज आज कोणी करू नये. सुताराघरच्या एका रखमेचाही तो कोणी केला नव्हता.

या दिवाळीच्या सुटीत घरटी एक वही सुरू करा. पहिल्या पानावर तुमच्याच दारातल्या झाडाचे नाव लिहा.